कळा आणि सेंटिमीटर

आम्ही दोघी मराठी शिकवतो. आमची बाळंतपणे २००९ व २०१२ साली, वेगवेगळ्या इस्पितळांत झाली. अनुभव मात्र एकच. कळांना आमच्यापाशी शब्द नव्हता आणि तपासणाऱ्यांपाशी एकच होता : सेंटिमीटर. गर्भाशयाचे मुख दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत आमचे कण्हणे म्हणजे नुसता गोंगाट. आईला दाराबाहेरच थांबवलेले. स्त्रीच्या पसंतीची सोबत प्रसूतीवेळी असावी, तासाला एक सेंटिमीटर हा दंडक सरसकट लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. जुन्या बायका बाळंत होण्याला 'सुटका' म्हणत. त्या खोलीत कळले, वेदनेहून अधिक ती एकटेपणातून हवी असते. बाळ रडले, तेव्हा कुठे कोणीतरी आमच्याशी बोलले.