पाटीवरची पेन्सिल

लोणंदच्या बाजारपेठेत एका स्टेशनरीच्या दुकानात पाटीवरच्या पेन्सिलींची डबी अजून मिळते. मी ती आठवड्याला एक घ्यायचे. दुकानदारदादांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "वहिनी, आता पाटीवर लिहिणारं कोण आहे घरात?" मी म्हटलं, भाचा आलाय. भाचा कुणी आलेला नव्हता. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि पेनाने लिहीत होती. पेन्सिली मी खात होते.

ही गोष्ट मी कित्येक महिने कुणालाही सांगितली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात दोन-तीन तुकडे असायचे. दाताखाली धरून कट् करून तोडायची, जिभेवर तिची भुकटी होऊ द्यायची. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर जो वास येतो ना, तशी चव लागायची. ती चव मिळाली नाही की जीव कासावीस व्हायचा. दिवसाला चार, नंतर सहा. मला वाटायचं, आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय.

मी एका आडत दुकानात पट्ट्या लिहायचं काम करते. लोणंद म्हणजे कांद्याचं गाव. लिलावाच्या दिवशी सकाळपासून गाड्या लागतात, वक्कल लागतात, बोली होते, आणि मग शेतकऱ्याचं नाव, डाग, वजन, भाव, हमाली, तोलाई हे सगळं पट्टीवर उतरवायचं. पंधरा वर्षं हे काम करताना माझी बेरीज कधी चुकली नव्हती. त्या वर्षी चुकू लागली. आकडे डोळ्यांपुढे तरंगायचे. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीत मी हमाली दोनदा धरली. बिचारा घरी जाऊन परत आला, म्हणाला, "बाई, जरा बघता का, काहीतरी गडबड हाय." त्याचं माझ्यावर एवढा विश्वास ठेवून अजिजीने बोलणं मला फार लागलं.

गाळ्याचा जिना बारा पायऱ्यांचा. सहाव्या पायरीवर मला थांबावं लागायचं. छातीत धडधड, कानात घूं घूं. घरी आल्यावर भाकरी थापताना हात गळून जायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या म्हणायच्या, "पिवळी पडलीयास गं. वय झालं की असंच हुतं बायकांचं." माझं वय तेव्हा छत्तीस होतं. त्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं, कारण त्यांचं आणि त्यांच्या जावांचं तसंच झालं होतं. दमलेली बाई त्यांनी इतकी पाहिली होती की न दमलेली बाई कशी असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मग घरगुती इलाज झाले. बीट खाल्लं, डाळिंबाचा रस प्याले, गूळ-शेंगदाणे खाल्ले. आता कळतं की बीट आणि डाळिंब लाल असतात एवढंच, त्यांच्यात लोह फार नसतं. एका खासगी दवाखान्यात दोन वेळा सलाईन लावलं, तांबड्या टॉनिकची बाटली दिली. रक्त तपासलं नाही. सलाईन म्हणजे मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी, त्याने दोन दिवस तरतरी वाटते आणि पैसे गेल्याचं समाधान मिळतं.

2022 च्या आषाढी वारीला, दोन वर्षांच्या खंडानंतर माउलींची पालखी पायी निघाली. वाल्ह्याहून निघालेली पालखी नीरा नदीवर आली, पादुकांचं स्नान झालं आणि आमच्या सातारा जिल्ह्यात शिरून लोणंदला मुक्कामी आली. दोन वर्षं गाव सुनं गेलेलं, त्यामुळे त्या वेळी घराघरात उत्साह मावत नव्हता. आमच्याकडे मराठवाड्यातली एक दिंडी दरवर्षी उतरते. पिठलं-भाकरीचा बेत होता. मी चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजत होते. पन्नास-साठ झाल्या असतील. उठायला गेले आणि पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा दिंडीतल्या एक आजी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "हिच्यात रगतच नाही, माय."

पालखी तरडगावकडे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन निघालं 8.1. बाईचं किमान 12 हवं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी नखं पाहिली. माझी नखं मधे खोलगट झाली होती, चमच्यासारखी, आणि मला वाटत होतं ती भांड्यांच्या पावडरीने झिजलीत. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काही वेगळं खावंसं वाटतं का? माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ?"

मी गप्प. डोळ्यांत पाणी आलं. मग पर्स उघडली आणि टेबलावर पेन्सिलीचे तुकडे ठेवले.

त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "लोह कमी पडलं की असं होतं. खूप बायकांना होतं, सांगत कुणी नाही. लोह भरून निघालं की ही ओढ आपोआप जाईल." मला तेवढ्यानेच हलकं वाटलं. माझ्या डोक्यात बिघाड नव्हता.

पाळी किती दिवस जाते, कपडे किती वेळा बदलावे लागतात, हेही त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. मुलगी झाल्यावर मी तांबी बसवली होती, मुदत संपल्यावर पुन्हा बसवली होती. तेव्हापासून अंगावरून जास्त जात होतं, आणि तांबीने काही जणींना तसं होतं, हे मला माहीत नव्हतं. माझा धंदा हिशेबाचा म्हणून असेल, त्यांनी सांगितलेलं मला लगेच कळलं. बाईच्या सगळ्या शरीरात लोह असतं सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे एका खिळ्याएवढं. अन्नातून रोज रक्तात जमा होतं एक-दोन मिलिग्रॅम. खर्च मात्र पाळीच्या दिवसांत वाढतो. एक मिलिलीटर रक्त गेलं की अर्धा मिलिग्रॅम लोह गेलं. जमा कमी, खर्च जास्त. शरीर आधी वखारीतला माल काढून गल्ला चालू ठेवतं. वखारीतला साठा किती हे फेरिटिनच्या तपासणीत दिसतं. ते 15 च्या खाली गेलं की साठा संपल्यात जमा. माझं 4 होतं. हिमोग्लोबिन म्हणजे दर्शनी गल्ला. तो रिकामा दिसायला लागतो तेव्हा वखार कधीच मोकळी झालेली असते.

गोळ्या मिळाल्या. लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. मी घेतल्या पाच दिवस आणि सोडल्या. पोटात मळमळ, तोंडाला लोखंडी चव, आणि चौथ्या दिवशी शौचाला काळंकुट्ट झालं. मला वाटलं आतून रक्त चाललंय. कुणाला विचारणार? गोळ्यांची पाकिटं फडताळात मागे सरकवली.

आमच्या गल्लीतल्या आशाताई आठवड्याने आल्या, सरळ फडताळ उघडून पाकिटं मोजली. "काळं होणारच," म्हणाल्या, "जिरलं नाही ते लोह बाहेर पडतं. ते सांगायचं राहून जातं आणि निम्म्या बायका तिथंच गोळी टाकतात." त्यांनी मला पुन्हा मॅडमकडे नेलं. पोटाला झेपत नाही म्हटल्यावर मॅडमनी एक दिवसाआड घ्यायला सांगितलं. त्यामागचं कारण मला फार आवडलं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक सोडतं, आणि ते पुढचा दिवसभर आतड्याचं फाटक अर्धवट लावून घेतं. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. एक दिवस सोडला की फाटक पुन्हा उघडतं.

खरी अडचण चहाची होती. आमच्या बाजारात चहाशिवाय पान हलत नाही. लिलावाआधी चहा, लिलावानंतर चहा, गाडीवाला आला की चहा, पार्टी आली की चहा. चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे मी वर्षानुवर्षं बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी खात होते आणि वर लगेच कपभर चहा ओतून त्यातलं लोह वाया घालवत होते. बाजरीत लोह चांगलं, पण फायटेटमुळे ते आधीच थोडं हाती लागतं, त्यात चहाची भर. आता जेवणानंतर तास-दीड तास चहा नाही असं ठरवलं. गोळी दुपारच्या जेवणाआधी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, रात्री. चहावाला पोरगा रोज ग्लास पुढे करायचा, मी "थांब रे बाळा, तीन वाजता" म्हणायचे. महिन्याभरात तो तीन वाजताच माझा चहा आणू लागला.

आत्याबाईंनी गोळीला नावं ठेवली नाहीत, पण त्यांच्या परीने जोड दिली. आळिवाचे लाडू केले. माळ्यावरची लोखंडी कढई काढली, गंज घालवला आणि भाज्या तिच्यात करू लागल्या. तांदळी, शेपू, राजगिरा. भाकरीबरोबर लिंबाची फोड. मॅडम म्हणाल्या, हे सगळं हवंच, पण रिकामी वखार नुसत्या अन्नाने भरायला फार काळ लागेल, गोळी सोडू नका.

गोळी पुन्हा सुरू केल्याच्या तेराव्या दिवशी दुपारी पट्ट्या लिहिताना काहीतरी शोधायला पर्स उघडली आणि पेन्सिलीचा तुकडा हाताला लागला. बघत राहिले. दोन दिवस मी त्याला हात लावला नव्हता. तोंडात टाकून पाहिला, आणि तो नुसता चुना लागला. खरखरीत, बेचव. मी तो थुंकून टाकला. हिमोग्लोबिन तेव्हा फारसं वाढलंही नसेल, जिना अजून सहाव्या पायरीलाच थांबवत होता, पण ती ओढ गेली होती. असंच होतं म्हणे, रिपोर्टमध्ये दिसायच्या आधी शरीर कबूल करतं.

पहिल्या महिन्यात 9.3. तीन महिन्यांनी 11.9. दिवाळीच्या आगेमागे हळवा कांदा सुरू झाला, कामाला उसंत नाही, अंगात ताकद आलेली. मी ठरवलं, झालं बरं, आणि गोळी बंद केली. मॅडमनी सांगितलं होतं की आकडा बारावर गेल्यावरही तीन महिने घ्यायची, वखार भरायला. ते मी ऐकलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं. संक्रांतीच्या सुमारास वाणसामान आणायला गेले असताना त्या स्टेशनरीच्या दुकानावरून जाताना तोच वास आला. ओल्या मातीचा. दुकानाच्या बाहेर उभी राहून मी डबीकडे पाहत होते. दुसऱ्याच दिवशी तपासायला गेले. हिमोग्लोबिन 11.2, फेरिटिन 9. या वेळी तांबीही काढली, आणि पुढचे सहा महिने एकही पाकीट अर्धवट सोडलं नाही.

या काळात मी जमेल तेवढं वाचलं. गोळीत लोहाबरोबर जे फॉलिक ॲसिड असतं त्याची कथा आपल्या मुंबईत सुरू झाली, हे वाचून मला भरून आलं. 1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर गिरणी कामगार बायकांना होणारा एक वेगळाच पंडुरोग त्या परळच्या हाफकिन संस्थेत अभ्यासत होत्या. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका सुधारतात हे त्यांनी दाखवलं, 1931 मध्ये ते छापून आलं. त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे कळलं. 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. आमचे आजेसासरे गिरणीत होते, आजेसासूबाई परळच्या चाळीत बाळंत झाल्या होत्या. या गोळीमागे अशाच, नाव न राहिलेल्या बायकांचं रक्त आहे. गोळी गिळताना मला त्यांची आठवण येते.

मुलगी आठवीत गेली. शाळेत आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळते. एकदा तिची कंपासपेटी आवरताना तळाशी सहा निळ्या गोळ्या सापडल्या. "गरम पडते म्हणतात सगळ्या," ती म्हणाली. "आणि उपाशीपोटी घेतली की उलटी येते." मी तिला ओरडले नाही. मीही फडताळात लपवल्याच होत्या. आम्ही दोघींनी ठरवलं, गोळीच्या दिवशी डबा आधी, गोळी नंतर. शाळेतल्या बाईंनाही जाऊन भेटले, त्यांनी गोळीचा तास मधल्या सुट्टीनंतर घेतला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीत ते 48 टक्के होतं. गोळ्या वाटूनही आकडा वाढला. त्या कंपासपेटीकडे पाहिलं की मला त्याचं एक कारण तरी समोर दिसतं.

मागच्या महिन्यात वखारीत कांदा निवडायला एक नवी मुलगी आली. लग्नाला चार वर्षं, दोन बाळंतपणं. गोणीवर बसून निवडता निवडता ती मधेच पदराच्या गाठीतून काहीतरी तोंडात टाकायची. मी जवळ गेले तशी तिने मूठ झाकली. मी तिच्या नखांकडे पाहिलं. मग माझ्या टेबलाचा खण उघडला. त्यात एक तुटकी पेन्सिल मी मुद्दाम ठेवली आहे. ती तिच्यापुढे धरली.

ती कितीतरी वेळ पेन्सिलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"ताई, तुम्ही पण?"

सोमवारी तिने मुकादमाकडे दोन तासांची सुट्टी मागितली. कशाला, म्हणून तो विचारत होता. मी चप्पल घालून दारात उभी होते.