भांगाचा दिवस

रत्नागिरीचा भगवती किल्ला तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला आहे. त्याच्या पायथ्याच्या खडकांत भाल्यानें मासे टिपावयास माझे तीन तरुण स्नेही निघाले, तेव्हां मीही होडींत बसून गेलों. दिवस मुद्दाम अष्टमीचा धरिला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओढ जोराची व पाणी गढूळ. अष्टमीच्या भांगांत तें निवळतें.

सकाळीं मतलई वारा मंद होता. एकानें बुडी घ्यावी व दुसऱ्यानें वरून त्याजवर दृष्टि ठेवावी, हा त्यांचा नियम; कारण श्वास कोंडलेला मनुष्य वर येतां येतां पृष्ठभागाजवळच बेशुद्ध होऊं शकतो. दोन तांबोशी मासे मिळाले. तिसरा, सर्वांत मोठा, एका कपारींत हेरून ठेविला होता. इतक्यांत खारा वारा सुटला, लाटा खडकांवर फुटूं लागल्या आणि पाणी दुधाळलें. राखण करणाऱ्यास खालचा सोबती दिसेनासा होतांच त्यानें दोरीला झटका देऊन त्याला वर बोलाविलें. भाले मुकाट्यानें होडींत आले.

मनूनें मृगया राजांच्या व्यसनांत गणिली आहे. परंतु दृष्टीच्या टप्प्यांतील शिकार सोबत्याच्या जिवासाठीं सोडून देतां येते, तोंवर ती व्यसन नव्हे, विद्या होय, असें मला त्या दिवशीं वाटलें.