तुटलेला पंख

रावणाचं खड्ग उगारलेलंच आहे. कवेतल्या सीतेनं चेहरा झाकून घेतलाय. आणि जटायूचा एक पंख धडापासून निखळलाय. राजा रविवर्मांचं ‘जटायुवध’ हे तैलचित्र 1906चं, म्हणजे त्यांच्या अखेरच्या वर्षातलं. नजर आधी रावणाच्या दागिन्यांवर जाते, पण जरा थांबावं आणि त्या पंखाकडे पाहावं. या रणातला खरा योद्धा तो म्हातारा पक्षीच आहे.

रविवर्मांची चित्रं आपल्या घरांच्या भिंतींवर आली ती त्यांच्या छापखान्यामुळं. 1894मध्ये मुंबईत निघालेला हा छापखाना पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं चित्रं शिळाछापानं, म्हणजे दगडावरून छापली जात. शिळाछापाचा उत्तम दगड बव्हेरियातला, रेशीमपोताचा चुनखडक. त्याच खडकात 1861 साली आदिपक्ष्याचं एक पीस उमटलेलं सापडलं. कोट्यवधी वर्षं दगडानं जपलेलं पीस! पिसाची आठवण ठेवणाऱ्या जातीच्या दगडानंच देवादिकांची चित्रं घरोघर पोचवावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राळेगणसिद्धीच्या डोंगरउतारावर, समतल चरांच्या कडेनं चालताना हे सगळं मनात येतं. ऊन चढू लागतं, तापल्या मातीवरून हवेचा अदृश्य जिना वर उठतो. जटायूच्या कुळातलं गिधाड याच जिन्यानं चढतं. पंख उघडले की टोकाची पिसं बोटांसारखी सुटी होतात आणि तो एवढा जड जीव पंख न हलवता आभाळात तोलून राहतो. त्याची उघडी मान आपल्याला किळसवाणी वाटते, पण मढ्यात डोकं घालून रान निर्मळ करणाऱ्याला तिथं पिसं कशी परवडावीत? जोडी वर्षाला एकच अंडं घालते. कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर, दोघंही आळीपाळीनं ते उबवतात.

राळेगणसिद्धीनं 1975नंतर अण्णा हजारेंच्या सोबतीनं पाणी अडवलं, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी पाळली. उघड्या माळावर झाडं उभी राहिली. कुऱ्हाड दिसते, म्हणून ती खाली ठेवता येते. गिधाडांवर पडलेला घाव मात्र कुणाला दिसलाच नाही. दुखऱ्या जनावराला मायेनं दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याच्या मढ्यातून गिधाडाच्या पोटात जाई, मूत्रपिंडं निकामी होत, आणि पक्षी मान टाकून फांदीवर बसून राही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून 2007पर्यंत, देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारी एखादंच उरली. कारण 2004पर्यंत उमगलं. 2006मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, 2023मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या तशाच वेदनाशामकांवरही.

तुमच्या गोठ्यातलं जनावर लंगडत असेल, ठणकत असेल, तर पशुवैद्यांना विचारा : मेलॉक्सिकॅम चालेल का? ते गिधाडांना बाधत नाही.