किती माग?

इचलकरंजीत नव्या माणसाची ओळख झाली की नावगाव विचारून होताच पुढचा प्रश्न येतो, "किती माग?" विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथे पहिला यंत्रमाग बसवला. आज अख्ख्या गावाची पत मागांवर मोजली जाते.

आमचे चार होते. वडील खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आपल्याला पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी. ती व्यापाऱ्याला सवड होईल तेव्हा हातात पडायची; वीजबिलाची तारीख मात्र ठरलेली. घरचा फोन वाजला की वडील आईकडे बघायचे आणि आई हळूच विचारायची, "बाहेर गेलेत म्हणून सांगू?" त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पुढे मी साधे माग काढून बिनधोट्याचे रेपियर माग घेतले. सूत स्वतःचं, कापड स्वतःचं. पैसा आला, चांगला आला. त्यामुळे पैशानं सुख मिळत नाही असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. मला मिळालं. सूतवाल्याची सगळी थकबाकी फिटली, त्या दिवसापासून फोन वाजला की मी सरळ उचलतो. हे सुख अजून शिळं झालेलं नाही. मोटारीचं झालं. पहिले काही महिने मी फडकं घेऊन तिच्याभोवती फिरायचो, दिवाळी येईतो ती नुसती जाण्यायेण्याची सोय झाली. बंगल्याचंही तेच.

यावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. वर्षाला सुमारे 75,000 डॉलरच्या पुढे रोजचं समाधान वाढत नाही, असं डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये मांडलं. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या 2021 च्या अभ्यासात ते पुढेही वाढताना दिसलं. मग काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना बरोबर घेऊन दोन्हींचा मेळ घातला. 2023 चा त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, पण उत्पन्न दर वेळी दुप्पट झालं की सारखंच वाढतं. आमच्या हिशेबात, चाराचे आठ माग झाल्यावर जेवढं वाढलं, 24 माग असताना तेवढंच वाढायला त्यांचे 48 करावे लागतात. कर्ज, कारागीर, मंदी यांचा घोर मात्र एकेका मागामागे वाढतो.

जे मुळातच फार दुःखी असतात, त्यांना साधारण लाख डॉलरपुढचा पैसा उपयोगी पडत नाही, असंही त्यांना आढळलं. ते मला कुणी समजावून सांगायला नको. बायको गेली त्या वर्षी धंद्यानं सर्वांत जास्त नफा दिला. चार्टर्ड अकाउंटंटनं ताळेबंद पुढे ठेवला, मी सही केली आणि पान उलटलं.

आता माझ्याकडचं सूत नेऊन विणणारे खर्चीवाले आहेत. माझं पेमेंट अडकलेलं असो वा नसो, त्यांची मजुरी ठरल्या तारखेला त्यांच्या खात्यात जाते. मुलगा म्हणतो, "बाबा, व्याज जातंय, आणि एवढ्यात एअरजेट मागांचा हप्ता निघाला असता." त्याचा हिशेब बरोबर आहे. एअरजेट घ्यायचे की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. तारखेबद्दल मात्र मी त्याला सांगून ठेवलंय, ती बदलायची नाही.