पिठल्याचा पक्ष

पक्वान्नांची स्तुती पुष्कळांनी केली आहे. आम्ही पिठल्याचा पक्ष घेतो. श्रीखंडाचा चक्का आदल्या दिवशी टांगावा लागतो. तेव्हा पाहुण्याने आगाऊ वर्दी दिलेली बरी. पिठल्याचे तसे नाही. हिंग-हळदीची फोडणी, कांदा-मिरची, पाण्याला उकळी आणि गुठळी न होऊ देता वैरलेले डाळीचे पीठ, एवढ्यावर ते पाव तासात सिद्ध होते. आयत्या वेळी दारात कोणी उभे राहिलेच, तर भांडेभर आधण आणि मूठभर पीठ आणखी पडते. 1970 साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापे आहेत, या वाढीव आधणाचे माप मात्र ज्या त्या घराच्या मनावर.

आमचे एक स्नेही पत्नी निवर्तल्यावर कोणाकडे जेवावयास जाईनासे झाले. सणाचे आमंत्रण त्यांनी दोनदा नाकारले. पुढे एकदा आमच्या घरातून निरोप गेला, “नुसते पिठले-भात आहे, असेच या.” ते आले, मुकाट्याने जेवले, आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला. पक्वान्नाच्या पानावर प्रसन्न मुद्रेने बसावे लागते. पिठल्याला तशी अट नाही. म्हणूनच आधण ठेवताना आमच्याकडे अद्याप एका माणसाचे पाणी अधिक असते.