उणे बारा

माझ्या दोन्ही मुलांचा तोंडवळा एकच. थोरला अभ्यासात सरळमार्गी. धाकट्यानेही त्याच्या पावलावर पाऊल ठेवावे, ही माझी इच्छा. मी शाळामास्तर असलो तरी माझी मजल मॅट्रिकपुरतीच, त्यामुळे ही हौस अंमळ जास्त. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याच्या अकरावीचा अर्ज मीच भरून ठेवला, थोरल्याचा जुना अर्ज समोर ठेवून!

धाकटा मात्र ध्वनिवर्धक जुळवण्यात गढला होता. लॅमिंग्टन रोडवरून त्याने तीन पायांचे दोन काळे तुकडे आणले होते. एक ७८१२, दुसरा ७९१२. “पहिला अधिक बारा व्होल्ट देतो, दुसरा उणे बारा,” तो म्हणाला.

“उणे कशाला हवे?” आम्हां मास्तरांना उणे म्हटले की लाल शाईच आठवते.

“बाबा, उणे म्हणजे कमी नव्हे. शून्याच्या खालची बाजू. आवाजाची लाट वर जाते तशी खालीही येते. माझ्या सर्किटात उणे बाजू नसली, तर खालची अर्धी लाट कापलीच जाईल.”

आत वीस व्होल्ट आले, तरी हा गडी बाहेर बाराच सोडतो. उरलेले आठ तो स्वतः उष्णता होऊन सोसतो. प्रवाह अर्धा अँपिअर असला तर चार वॅट! म्हणून त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमचा पत्रा.

धाकटा जेवायला उठला. एकाला त्याने डाख दिलेला मी पाहिलाच होता. म्हटले, दुसऱ्याला आपण देऊ. दिसायला तर जुळे भाऊ! त्याच क्रमाने तिन्ही पाय जोडले आणि मोठ्या ऐटीत बटण दाबले. बघता बघता ७९१२ तापला आणि करपल्याचा वास घरभर पसरला.

धाकटा धावत आला. मी रागाची वाट पाहत होतो. तो नुसता हसला. “बाबा, ह्याचे पाय वेगळे असतात. ७८१२ला पहिला पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला शून्याचा. ह्याचा पहिला शून्याचा, मधला विजेचा. शिवाय त्याची पाठ शून्याला जोडलेली असते, ह्याची आत येणाऱ्या विजेला. पेटीला टेकवायची तर मध्ये अभ्रकाचा कपटा हवा.”

“मग दिसायला सारखे कशाला करतात?”

“अंगावर नंबर लिहिलेला असतो की! वाचायचा.”

तो सहज बोलून गेला. त्या रात्री मला मात्र झोप लागेना. आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवले, आणि घरातल्या एका मुलाच्या अंगावरचा नंबर मी कधी वाचलाच नव्हता.

सकाळी त्याने नवा ७९१२ बसवला. ध्वनिवर्धकातून त्याच्या आईचा आवाज स्वच्छ घुमला, “चहा झालाय!” मी टेबलावरचा भरलेला अर्ज उचलून खणात टाकला. एक कोरा अर्ज धाकट्यापुढे सरकवला आणि माझे पेन त्याच्या हाती दिले.