काटा शून्यावर

सध्या मुक्काम न्यू जर्सीत, लेकीकडे. तिच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा वेगाचा काटा चालता चालता शून्यावर यायचा नि गिअर दणका देऊन बदलायचा. नातीला घेऊन हायवेवर जाते हो ती! गॅरेजवाल्याने सरळ नवा गिअरबॉक्स सांगितला.

जावईबापूंनी स्कॅनर लावला. कोड आला पी ०५००, म्हणजे वेगाच्या सेन्सरची तक्रार. हा सेन्सर गिअरबॉक्समधल्या दांड्याचे फेरे मोजतो. त्या आकड्यावरून गाडीतला संगणक गिअर बदलतो. पण कोड आला म्हणून सेन्सरच बिघडला असे नाही, वायरही तुटलेली असू शकते. (वर्गात रडणारं प्रत्येक पोर काही मार खाल्लेलं नसतं!) वायर धड निघाली, वीजही पोचत होती, जॅकवर चाके फिरवूनही सेन्सर मात्र मुका. तो बदलला.

गिअरबॉक्स अजून जुनाच आहे.